नेमतजवळ कोण होतं

तोफीकला साखरेचा आजार निघाला त्या वर्षी डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की चालला नाहीस तर अंथरूण धरशील. तोफीकने ते नेमतच्या कानावर घातलं. नेमत म्हणाला, "म्हणजे आजार तुझा आणि घाम आम्ही गाळायचा होय?" पण पुढच्या मंगळवारी कचेरी सुटल्यावर तो बुटाच्या नाड्या करकचून बांधून फाटकात तयार उभा होता. तेव्हापासून अकरा वर्षं, बर्फाचे दोन-अडीच महिने सोडले तर, दर मंगळवारी ते शहराला लागूनच्या आबिदरच्या डोंगरावर चढत होते. नेमतला चढणं मनापासून कधीच आवडलं नाही. डोंगर हा तोफीकचा हट्ट होता, आणि नेमत तो पुरवत होता.

डोंगराखालच्या सनंदज शहरातल्या टेलिफोन कचेरीत दोघं एकाच दिवशी लागले होते. केबल जोडायचं काम. एकाने खड्ड्यात उतरायचं, दुसऱ्याने काठावर बसून हत्यारं द्यायची, वाहनांवर नजर ठेवायची आणि खालच्याशी बोलत राहायचं. सव्वीस वर्षं हेच. शहरातला असा रस्ता नव्हता ज्याच्या पोटात हे दोघं जाऊन आले नव्हते. घरात बायकोशी बोलले नसतील इतकं ते त्या खड्ड्यांच्या तोंडाशी एकमेकांशी बोलले होते, आणि त्यातलं निम्मं भांडणच होतं.

पुढे डोंगराच्या मंडळीत आणखी दोघांची भर पडली. पर्शंग ही तक्रारींच्या फोनवर बसणारी, चाळिशीला आलेली, लग्न न केलेली, जिभेने तिखट. "दिवसभर अख्ख्या गावाच्या शिव्या खाते," ती म्हणायची, "इथे कान धुवायला येते." दुसरा हावरे, नुकता लागलेला इंजिनिअर. पायांनी बोकड. त्याच्यामुळे एक नियम झाला होता, की वरच्या सपाटीवर जो शेवटी पोचेल त्याने झऱ्यावर सगळ्यांचे चहाचे पेले धुवायचे. वर्षभर ते पेले बहुतेक नेमतनेच धुतले होते.

त्या मंगळवारी वसंत भरात होता. बदामाच्या झाडांवर कोवळी हिरवी फळं धरली होती. नेमतच्या बायकोने, गोलबाखने, रानकांद्याची पात भरून कलाने नावाच्या पोळ्या भाजून दिल्या होत्या, आणि फडक्यात बांधलेल्या त्या गरम पोळ्यांचा वास फाटकापासूनच सगळ्यांच्या नाकात होता. पायथ्याशी पोचल्यावर नेमतने ते गाठोडं असलेली पिशवी तोफीककडे दिली.

"धर. खांदा धरलाय माझा."

"कधीपासून?"

"झाले दहा-बारा दिवस. ते केबलचं रीळ ओढलं ना, तेव्हापासून."

"म्हातारा झालास."

"तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे मी."

हावरे आणि पर्शंग पुढे गेले. हे दोघं मागे. पहिल्या वळणावरची इनायतची चहाची टपरी मागे पडली. इनायत म्हातारा खुर्चीवर बसून नेहमीसारखा जपमाळ फिरवत होता. थोडं वर गेल्यावर नेमत अचानक म्हणाला, "काल दियाकोचा फोन आला होता."

दियाको त्याचा एकुलता एक मुलगा. नेमतने दहा जणांच्या विनवण्या करून त्याला लाइनमनची जागा मिळवून दिली होती. पोराने महिनाभरात ती सोडली आणि तो दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या गॅसच्या कारखान्यात निघून गेला. त्या वेळी नेमत त्याला म्हणाला होता, "माझ्या मयतालाही येऊ नकोस." याला तीन वर्षं होऊन गेली होती.

"मग?" तोफीकने विचारलं.

"उचलला नाही मी."

तोफीक हसला. "तुझं डोकं म्हणजे दगड आहे, दगड," तो म्हणाला आणि पुढे झाला. नेमतला आणखी काही सांगायचं होतं का, हे तोफीकने विचारलं नाही. पुढून हावरे ओरडत होता, की आजही पेले कोण धुणार ते ठरल्यासारखंच आहे.

दोन वळणं वर एका बदामाखाली नेमत थांबला. कपाळावर घाम होता. पण घाम तर सगळ्यांच्याच कपाळावर होता.

"तू हो पुढे. बुटात खडा गेलाय."

"गाभण मेंढीसुद्धा तुझ्याआधी पोचेल रे!"

"मग तिलाच घेऊन ये पुढच्या वेळी," नेमत म्हणाला आणि खाली बसला.

तोफीक चालू लागला. वरच्या वळणावर त्याने एकदा मागे पाहिलं. नेमतने बसल्या बसल्या हात वर केला. जा, जा, येतो मी, असं म्हणतोय, असं तोफीकला वाटलं. त्यानेही हात केला आणि वळण घेतलं.

वर सपाटीवर त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. गाठोडं सोडलं. पोळ्या अजून कोमट होत्या. खाली सगळं शहर उन्हात पिवळं दिसत होतं. हावरेने कचेरीतल्या साहेबाची नक्कल केली, आणि हसता हसता पर्शंगच्या तोंडातला चहा बाहेर आला. नेमतच्या वाट्याची पोळी बाजूला ठेवली होती, तीही नंतर हावरेने अर्धी तोडली. बराच वेळ झाल्यावर पर्शंग म्हणाली, "कुणीतरी जाऊन बघा ना जरा. एवढा वेळ लागतो होय खडा काढायला?"

"येईल," तोफीक म्हणाला. "मेंढी म्हणालो म्हणून रुसला असेल. खाली टपरीवर बसून आपल्याशिवाय चहा पीत असेल."

अर्ध्या तासाने ते उतरले तेव्हा नेमत त्याच झाडाला पाठ टेकून बसलेला होता. एक बूट पायात, एक बाजूला. हावरेने त्याच्या छातीवर दाबून पाहिलं, तोंडाने श्वास दिला, पुन्हा दाबलं. पर्शंग धावत टपरीकडे गेली. तोफीक मात्र उभाच राहिला. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

इस्पितळाच्या पडवीत गोलबाख आली ती घरातल्या चपलांवरच. डॉक्टरांनी तिला जे सांगायचं ते सांगितलं. ती रडली नाही. या तिघांसमोर येऊन उभी राहिली आणि तिने एकच विचारलं.

"त्यांच्याजवळ कोण होतं?"

हावरेने मान खाली घातली. पर्शंगने डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं. गोलबाख एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा तोफीकला बघवेना.

"मी होतो, वहिनी," तो म्हणाला.

"एकटे नव्हते ना ते?"

"नाही. हात धरला होता मी त्याचा."

"काही म्हणाले?"

"तुमचं नाव घेतलं. गोलबाख, म्हणाला."

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली आणि भिंतीशी खाली बसली. तोफीकला वाटलं, तहानलेल्याला घोटभर पाणी दिलं. यापलीकडे त्या घटकेला त्याच्या मनात काही नव्हतं. बाकीच्या दोघांनी ते ऐकलं. कुणी काही बोललं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

दफनाला दियाको आला. रात्रभर गाड्या बदलत, हजार-बाराशे किलोमीटर. बापाने येऊ नकोस म्हणून सांगितलेलं, त्यामुळे तो कबरस्तानच्या भिंतीबाहेरच उभा राहिला. लोक माती देऊन परतल्यावर तो आत गेला. तोफीकने त्याला पाहिलं. उंच, खांदे पडलेला, सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, मातीच्या ढिगाशी उभा, आणि हातांचं काय करावं हे न कळून ते खिशात घालतोय, पुन्हा काढतोय.

मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी घर भरलेलं होतं. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर. हलवा वाटून झाला, फातिहा झाला, लोक पांगले. घरची चार माणसं उरली तेव्हा गोलबाख चहाचा पेला घेऊन तोफीकसमोर आली. दियाको दारात बसला होता.

"तोफीकभाऊ," ती हळूच म्हणाली, "याच्याबद्दल काही बोलले का हो ते?"

दियाकोने वर पाहिलं नाही. पण त्याचे कान आणि मान कशी ताठ झाली ते तोफीकला दिसलं. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"बोलला ना," तो म्हणाला. "म्हणाला, दियाकोला सांग, माझ्या मनात काही राहिलेलं नाही. माफ केलंय म्हणावं."

दियाको उठला आणि अंगणात गेला. थोड्या वेळाने त्याच्या रडण्याचा आवाज आला. पुरुष एरवी रडतात तसा नव्हता तो आवाज. लहान पोर पडल्यावर दम कोंडून मग एकदम रडतं, तसा होता. गोलबाख म्हणाली, "रडू दे त्याला." त्या संध्याकाळी घरी जाताना तोफीकचे पाय हलके पडत होते. सगळ्या उन्हाळ्यात तेवढी एक संध्याकाळ.

दियाकोने दक्षिणेतली नोकरी सोडली. आईजवळ राहिला. सोंगट्यांचे पट बनवणाऱ्या एका सुताराकडे कामाला लागला आणि तिथे टिकलाही. दर शुक्रवारी दुपारी तो तोफीककडे यायला लागला. तोफीकच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. त्याची बायको आमिना पोराला आग्रह करकरून भात वाढायची. जेवण झालं की दियाको गुडघ्यांना मिठी मारून बसायचा आणि म्हणायचा, "काका, पुन्हा सांगा ना."

आणि तोफीक सांगायचा. सुरुवातीला तेवढंच. मग पोराचा चेहरा बघून एखादं वाक्य वाढायचं. तुझ्या लहानपणाची आठवण काढली. तुझ्या आईला सांभाळायला सांगितलं. फोन उचलला नाही याचं वाईट वाटतं म्हणाला. त्याच्या सांगण्यातलं नेमतचं पाच-दहा मिनिटांचं मरण लांबत लांबत तासाभराचं झालं होतं. रात्री तोफीक अंथरुणावर पडला की त्याला खरी गोष्ट आठवायची. वळण, बदाम, वर केलेला हात. आमिना विचारायची, "झोप नाही का येत?" तो म्हणायचा, "साखर वाढली असेल."

मंगळवारचा डोंगर बंदच पडला होता. दोन-तीनदा हावरेने विषय काढला. तोफीक म्हणाला गुडघा दुखतो, पर्शंग म्हणाली पाहुणे येणार आहेत. कचेरीत तिघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. तोफीकला खड्ड्याच्या काठावर नवा माणूस दिला होता, तो दिवसभर गाणी गुणगुणायचा आणि एक शब्द बोलायचा नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा दियाको म्हणाला, "काका, मला ती जागा दाखवा. आपण दोघं जाऊ."

"जाऊ," तोफीक म्हणाला. "गुडघा बरा होऊ दे."

चार शुक्रवार त्याने असेच काढले. पाचव्या शुक्रवारी दियाको आला नाही. शनिवारी दुपारी तो कचेरीच्या मागच्या आवारात, केबलच्या रिकाम्या रिळांपाशी उभा राहिला. तोफीक हात पुसत बाहेर आला.

"मी काल एकटाच जाऊन आलो," दियाको म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "टपरीवर चहा प्यालो. काका, त्या टपरीपासून ते झाड समोर दिसतं."

तोफीक हात पुसतच राहिला.

"इनायत म्हाताऱ्याला मी नाव नाही सांगितलं. नुसतं विचारलं, इथे कुणी वारलं होतं ना? तो म्हणाला, हो, टेलिफोनवाला. म्हणाला, एकटाच बसला होता बिचारा, बराच वेळ. म्हणाला, दोन-तीनदा हात हलवला त्याने. म्हातारा म्हणाला, मला वाटलं सलाम करतोय. मीही केला."

तोफीक रिळाच्या कडेवर बसला.

"टपरीत फोन आहे," दियाको म्हणाला. "तुम्हीच जोडलेला, म्हातारा सांगत होता. दोन वळणं खाली. तुम्ही जवळ असता, तर उतरून फोन केला नसता का? मी रात्रभर हाच विचार करतोय. काहीतरी कारण असेल, काका सांगतील. सांगा."

त्या घटकेलाही खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्याला नीट दिसत नाही, म्हणता आलं असतं. पण हात हलवत होता हे ऐकल्यावर तोफीकला ते जमेना.

"नव्हतो मी," तो म्हणाला. "वर होतो. चहा पीत होतो."

"आणि हात धरला होता ते?"

"नाही."

मग जे विचारायला दियाको आला होता ते त्याने विचारलं.

"माफीचं?"

तोफीकने नजर चुकवली.

"तेही नाही?"

"चढताना बोलला होता. तुझा फोन आला होता म्हणाला. उचलला नाही म्हणाला."

"का नाही उचलला?"

"ते नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही. मी हसलो, पोरा."

दियाको त्याच्यावर हात उचलेल असं तोफीकला वाटलं, आणि त्याने उचलावा असंही वाटलं. पण तो नुसता म्हणाला, "पाच महिने मी तुमच्या घरी जेवत होतो." आणि फाटकाबाहेर गेला.

आठवड्याच्या आत तो पुन्हा दक्षिणेत निघून गेला. या वेळी कुठल्या गावी, ते आईलाही सांगितलं नाही.

तोफीकने दहा दिवस धीर गोळा केला आणि मग तो गोलबाखच्या दारात गेला. ती बाहेर आली. आत या म्हणाली नाही. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"वहिनी, मला माफ करा. मी तुमच्याशी खोटं बोललो. मी तिथे नव्हतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"कसं?" तोफीकने विचारलं.

"तीस वर्षांत त्या माणसाने मला नावाने हाक मारली नाही. आधी 'अगं' म्हणायचे, मग दियाको झाल्यावर 'दियाकोची आई'. मरताना गोलबाख कुठून म्हणतील? तुम्ही तसं म्हणालात तेव्हाच समजले, की जवळ कुणी नव्हतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही भल्यासाठी बोलत होता. आणि चाळिसाव्याला मी मुद्दाम तुम्हाला विचारलं, पोरासमोर. मला माहीत होतं तुम्ही काय सांगाल ते. पोर परत आलं माझं त्या शब्दावर. घरात जेवायला लागलं, हसायला लागलं." तिने हातावरचं पीठ झटकलं. "जे खोटं बोलायचं ते तुम्ही माझ्याशी बोललात, ते मी पचवलं. त्याला खरं सांगायची काय गरज होती हो? एवढ्यासाठीच तोंड उघडायचं होतं तुम्हाला? तेवढं एक खोटं शेवटपर्यंत नाही नेता आलं?"

"तो टपरीवर जाऊन आला होता, वहिनी. इनायतने..."

"इनायतला काय कळतं! तुम्ही नाही म्हणायचं होतं. तुमच्यावर विश्वास होता त्याचा. शपथेवर सांगितलं असतंत तर म्हाताऱ्याला खोटं ठरवलं असतं त्याने."

ती आत गेली आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. तोफीक बराच वेळ पायरीवर उभा राहिला. शेजारीण खिडकीतून बघायला लागली तेव्हा तो निघाला.

नवीन वर्ष लागायच्या आधी गोलबाख घर बंद करून मरीवानला बहिणीकडे राहायला गेली. दियाकोचा तिला एकदा फोन आला होता असं आमिनाने कुणाकडून तरी ऐकलं. बोलला काय, ते कुणाला कळलं नाही. तोफीकने बदली मागून घेतली. दिवानदर्रेच्या लहानशा केंद्रात त्याला पाठवलं, जिथे दिवसभरात दोन-चार तक्रारी यायच्या आणि खिडकीबाहेर सपाट माळ होता. आमिना सनंदजलाच राहिली. तो गुरुवारी यायचा, शनिवारी पहाटे परत जायचा.

एका दुपारी सनंदजच्या लाइनवर पर्शंगचा आवाज आला. तिने एका जोडणीबद्दल विचारलं, त्याने उत्तर दिलं. मग ती फोन ठेवेना.

"बरे आहात ना, तोफीकभाऊ?"

"आहे."

"हावरे नवी मंडळी घेऊन जातो आता डोंगरावर. मी नाही जात."

तोफीक म्हणाला, "पर्शंग, त्या दिवशी इस्पितळात तू बोलली का नाहीस? तुला तर माहीत होतं."



"खरं सांगू? तुम्ही 'मी होतो' म्हणालात ना, तेव्हा क्षणभर मलाही बरं वाटलं. मी तुमच्या शेजारी बसून चहा प्यायले होते, तरी वाटलं, की चला, नेमतभाऊंजवळ कुणीतरी होतं. अजूनही कधीकधी तसंच वाटून घेते मी. झोप लागते त्याने."

"मला नाही लागत," तोफीक म्हणाला.

"दुसरी लाइन वाजतेय," पर्शंग म्हणाली. "लोक खोळंबलेत. ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला.

निवृत्तीला त्याची साडेतीन वर्षं उरली होती. ती त्याने तिथेच काढली.